कौसाक्काची वावटळ

आक्का गेली तवा घरात आमी तिघंच व्हतो. तिचा लेक दत्ता, सून मंगल आन मी, तिची धाकली जाव जिजा. दुपारचं दारातनं फुफाटा आत आला, मंगल दार लावाया उठली. आक्का डोळे मिटूनच म्हनली, "ऱ्हाऊ दे… फुफाटाच हाय, आपसूक बसतो." तेच शेवटचं.

मला सहीपुरतंच येतं, म्हनून मी सांगायलेय आन नात लिहायली.

माझ्या लग्नाचं दुसरं साल. पेडगावच्या खळ्यावर जवारी उपनायचं काम. आक्का तिव्यावर, म्हंजी उंच तिपाईवर, उभी ऱ्हाऊन सुपातनं दाने सोडायली. डोळ्यात भुसकट जाऊ नये म्हनून मान खाली. तिनं इचारलं, "जिजे, मावळतीकडं काय दिसायलंय?" मी कटाळलेली. धूळ दिसली, नीट न बघताच म्हनले, "वावटळ हाय." ते व्हतं वावधान, पाऊस घेऊन येनारं वादळ. तसं म्हनले आसते तर आक्कानं राशीवर ताडपत्री वढली आसती. घटकाभरात पाऊस, गारा… वर्साचं खानं भिजलं.

सासूबाईनं मला आधीच बजावलं व्हतं, आनखी एक चूक आन माहेरची वाट. त्यांनी इचारलं, वावटळ कोन म्हनलं? माझं तोंड उघडायच्या आत आक्का म्हनली, "मी."

त्या साली आमी काळ्या जवारीची कडू भाकर खाल्ली. गावाला मातर बोलायला भेटलं. पालमची बस आली न्हाई, कुनाचा अंदाज चुकला, की म्हनायचे, "कौसाक्काची वावटळ!" आन हिला तर वाऱ्याची जात अंगावर कळायची. दर उन्हाळ्यात मला बांधावर उभी करून सांगायची, जाग्यावर उभी फिरती ती वावटळ, पालापाचोळा घेऊन जाती, जाऊ दे. ह्या टोकापासून त्या टोकापत्तोर आडवं येतं, म्होरं गार झुळूक आन पाखरं गप, ते वावधान. तवा पळायचं.

कितींदा म्हनले, आता खरं सांगते. हसायची. "गावाला एक नाव पाठ झालंय जिजे, दुसरं कशाला शिकवतीस?" सासूबाई गेल्या, तरी मी गप्पच ऱ्हायले… मला बरंच वाटायचं, खोटं कशाला बोलू.

तिवा अजून पडवीत हाय. त्येच्यावर धूळ बसती, मी पदरानं पुसते. तेराव्यालाबी एक जन "कौसाक्काची वावटळ" बोलला, मायेनंच बोलला.

पेडगावचं कुनी वाचत आसंल तर एवढं करा. इथून म्होरं जिजाची वावटळ म्हना.