तांदळातला देव

देवावर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकते. नास्तिक वगैरे मी नव्हते. रागच होता, घरच्या माणसावर धरावा तसा. ज्या बाईनं जन्मभर खंडोबाला आंघोळ घातल्याशिवाय चहाचा घोट घेतला नाही, त्या माझ्या सासूबाईंना आता सकाळ की संध्याकाळ ते कळत नव्हतं. लेकाला भाऊ समजायच्या, आणि मी तर त्यांच्या लेखी कुणी शेजारीण. एवढी सेवा करून पदरात हेच पडणार असेल तर दिवा लावायचा कशाला, असं मी शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात देव्हाऱ्यासमोर उभी राहून विचारायची. मी फटकळ आहे, देवालाही सोडत नाही.

अशात आमच्या ह्यांनी गाडीचं खूळ काढलं. आयुष्यभर लोकांच्या गाड्या दुरुस्त केल्या आणि गॅरेज बंद केल्यावर एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. आतल्या सीटा काढून झोपायला बाक केले, शेगडी बसवली, पाण्याची टाकी बसवली, खिडक्यांना पडदेसुद्धा शिवून घेतले. म्हणे आईला जंगलं दाखवू. सासूबाई सांगोल्याकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. लहानपण माळावर गेलेलं, मोकळ्यावर त्यांना बरं वाटेल, असं ह्यांच्या मनानं घेतलं होतं. मी म्हटलं, ज्यांना घरात मोरी सापडत नाही त्यांना वाघ दाखवायला नेताय का? पण हौसेपुढे कुणाचं काय चालतंय. लेकही कॉलेजला सुट्टी टाकून तयारच बसली होती.

आमच्याकडे एक रीत आहे. घराला कुलूप लावून सगळेच गावाला निघाले की देव तांदळात ठेवायचे. म्हणजे मागं दिवा लावायला कुणी नसलं तरी देव उपाशी राहत नाही आणि घर सांभाळतो. आमचा देव म्हणजे खंडोबाचा चांदीचा टाक, तळहाताएवढा पत्रा. त्यावर घोड्यावर बसलेला देव आणि पायाशी कुत्रं. सासूबाईंनी इतकी वर्षं घासून त्या कुत्र्याचा नुसता उंचवटा राहिला होता. पूर्वी त्याच हे सगळं करायच्या, "येतो रं बाबा, ध्यान ठेव" असं म्हणून. मी त्या दिवशी घाईत टाक तांदळाच्या डब्यात खुपसला आणि डबा तसाच ओट्यावर ठेवून गॅस बंद करायला वळले. लेकीनं ओट्यावरचे सगळे डबे गाडीत भरले, त्यात तोही गेला.

हे कळलं ते मेळघाट आणि पेंच पाहून आम्ही नवेगावच्या जंगलाशी पोचलो तेव्हा. जंगलाच्या हद्दीबाहेर एका शेतकऱ्याच्या खळ्यावर गाडी लावली होती. दिवस मावळत होता. आधीचा डबा संपला म्हणून मी खिचडीला हा दुसरा उघडला, आणि बोटांना गार पत्रा लागला. अंगावर सर्रकन काटा आला. आपण रोज जेवत होतो, झोपत होतो आणि हा आपल्या उशाशी अंधारात बसून होता, हे काही केल्या मनातून जाईना. सासूबाई बाकावरून बघत होत्या. म्हणाल्या, "त्याला बाहीर काढ की. गुदमरत आसंल." मी खेकसले, "राहू द्या. घरी गेल्यावर काढू." आणि झाकण दाबून बसवलं.

सकाळी उजाडता उजाडता जाग आली तर गाडीचं दार सताड उघडं. डबा उघडा, पायरीवर तांदूळ सांडलेले. सासूबाई नव्हत्या, टाकही नव्हता.

बाहेर असं धुकं होतं की खळ्याचं कुंपण दिसत नव्हतं. खळेवाल्यानं धावत जाऊन वनरक्षक बाईंना आणलं. मग त्या, आम्ही दोघं आणि लेक असे हाका मारत झाडीत शिरलो. जरा आत गेल्यावर वानर खकारलं. वनरक्षक बाईंनी हातानंच आम्हाला थांबवलं आणि हळूच म्हणाल्या, "वाघ चालून राहिलाय." त्यानंतर सगळं गप्प झालं. पाखरू नाही, पान नाही. धुक्यात कुणीतरी उभं राहून आपल्याकडं बघतंय असं वाटत होतं, आणि मान वळवायची हिंमत होत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा माझी जीभ देवाशी भांडायला उचलली नाही. मनात एवढंच आलं, माझं इथं काही चालत नाही. तुला जन्मभर न्हाऊ घातलंय तिनं, आता तुझं तू बघ.

तेव्हा कुत्रं भुंकलं. लांब, डाव्या हाताला. आम्ही तिकडं वळलो की गप्प व्हायचं, थांबलो की पुन्हा भुंकायचं. वनरक्षक बाई चालता चालता पुटपुटल्या, "इथं कुत्रं नाही जी टिकत. बिबट उचलून नेते."

आवाजामागं गेलो तर ओढा लागला. सासूबाई पाण्याकडे तोंड करून दगडावर बसल्या होत्या. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, ओंजळीत टाक, घासून लख्ख केलेला. पहाटे देवाला आंघोळ घालायची, एवढं एक त्या विसरल्या नव्हत्या. हे आईला मिठी मारून लहान मुलासारखे रडायला लागले. वनरक्षक बाई मात्र वाळूकडं बघत होत्या. सासूबाईंच्या पाठीमागं वाघाची पावलं उमटली होती, इतकी ताजी की त्यात अजून पाणी झिरपत होतं. दगडाजवळ येऊन ती तशीच मागं फिरली होती. कुत्र्याचं एकही पाऊल कुठं नव्हतं.

सासूबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "उशीर केलास की गं. घोडंवाला मगाशीच गेला. कुत्रं ठिवलं हुतं माज्यापाशी. म्हनला, सून येईस्तवर उठू नगं."

सून. कितीतरी दिवसांत त्यांनी मला ओळखलं नव्हतं, आणि त्यानंतरही पुन्हा कधी ओळखलं नाही.

त्या धुक्यात काय होतं, मला ठाऊक नाही. आमचे हे म्हणतात गावातलं चुकार कुत्रं असेल. असेलही, मी वाद घालत नाही. मला एवढं कळलं की मी हिशेब मागत होते आणि त्या बाईनं कधीच मागितला नव्हता. तिची आठवण गेली, तिचं देवाशी असलेलं नातं गेलं नाही. ते सांभाळणं तिच्या हातात नव्हतंच, माझ्या तर नव्हतंच नव्हतं. आता आम्ही गावाला निघालो की देव उघड्यावर, गाडीच्या खिडकीशी बसतो.

रोज दुपारी ताटावर बसलं की सासूबाई घास हातात धरून मला विचारतात, "बाई, कुत्र्याला भाकरी घातली का?" आमच्याकडं कुत्रं नाही, कधीच नव्हतं.

मी म्हणते, "घातली, आई." आणि खरंच घातलेली असते, गल्लीतल्या कुठल्याही कुत्र्याला, तव्यावरची पहिली.