टीव्हीला उत्तर देताना

अमडापूरला बाबांनी नवा टीव्ही घेतला, त्याच आठवड्यात कुस्तीचा शेवटचा सामना होता. गल्लीतले पाच-सहा जण आमच्या बैठकीत जमले. शेजारचे शिंपी चाचा तर अर्धं शिवलेलं झंपर मशीनवर सोडून आले. लाल पोशाखातल्या पैलवानाने निळ्याला कमरेतून उचललं आणि नेमकी तेव्हाच पडद्यावर काळी पाटी आली, ‘तुम्ही अजूनही पाहत आहात का?’

“हाव, पाहून राह्यलो ना!” बाबा म्हणाले. पाटी हलली नाही. मग सगळेच एकदम ओरडले, “हाव!”

“त्याले मराठी समजत नसन, भाऊ,” चाचा म्हणाले, आणि टीव्हीसमोर उभे राहून अदबीने बोलले, “जी हाँ, देख रहे हैं।”

मी रिमोट शोधला. धूळ बसू नये म्हणून आईने तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर चार रबर लावले होते. कितीही दाबलं तरी बटण लागेना. शेवटी बाबांनी पिशवी दातांनी फाडली. चित्र परत आलं तेव्हा जिंकलेला पैलवान लोकांच्या खांद्यावर होता, आणि गुलालाने इतका माखलेला की लाल कोण, निळा कोण, काही कळेना.

“कोन जितला बे?” बाबांनी टीव्हीलाच विचारलं.

दुसरी पाटी आली, ‘कार्यक्रम कसा वाटला? तारे द्या.’

“म्या पाह्यलाच कुठं!” म्हणत बाबांनी रिमोट चाचांच्या हातात दिला. चाचांनी पाचही तारे देऊन टाकले.

“काऊन बे?” बाबा भडकले.

“जो जितला त्यानं मेहनत तं केलीच असन ना,” चाचा म्हणाले.