रुमालाखालचा भाव

बीदरजवळच्या कमठाण्यातल्या मठात भरदुपारी धोतराचा पडदा लागायचा. दारं लोटून अंधार केला की पडद्यावर व्हिडिओतली एक शेतकरीण शेळी घेऊन उभी राहायची. ती कानडीत बोले, आणि आम्हाला शेळीपालन शिकवायला येणारी मुलगी तेच मराठीत सांगे. वारा आला की धोतर फुगे, आणि ती बाई शेळीसकट फुगे. आम्ही बायका खिदळायचो. जेवणानंतरची गुंगी, चाऱ्याचा खर्च, बँकेचं खातं, दोन्ही भाषा, सगळं एकमेकांत मिसळून जाई. अजूनही मला ते झोपेत पाहिल्यासारखंच आठवतं.

एका व्हिडिओनं मात्र मला टक्क जागं केलं. त्यात व्यापारी हातावर रुमाल टाकतो, तर ती बाई म्हणते, "रुमाल ठेवा, तोंडानं सांगा."

आमच्याकडे जनावरांच्या बाजारात भाव रुमालाखाली, बोटं दाबून ठरतो. बाईनं परक्या पुरुषाच्या हातात हात कसा द्यायचा? म्हणून माझ्या शेळ्या धाकटे दीर विकत. घरी आले की "जमलं" एवढंच म्हणत आणि पैसे हातावर ठेवत. मला वाटे, हे मधल्या मध्ये काही खातात. घासातला घास देऊन वाढवलेल्या शेळ्या माझ्या. संशयानं मी आतून जळायची, पण बोलायची सोय नव्हती.

पुढच्या बाजाराला मी हट्टानं त्यांच्यासोबत बीदरला गेले. व्यापाऱ्यानं रुमाल काढला. माझ्या डोळ्यांपुढे ते फुगलेलं धोतर आलं, आणि मी बोलून गेले, "भाव तोंडानं सांगा, अण्णा. शेळी माझी हाय."

"कामून? आजवर कधी असं झालं न्हाई," तो म्हणाला.

मी दावं सोडलं नाही. शेवटी त्यानं कुरकुरत भाव सांगितला. शेजारच्या व्यापाऱ्यानं तो ऐकला आणि वर चढवला. शेळी त्यालाच गेली, दरवेळेपेक्षा चांगल्या भावानं.

आता मी दिरांकडे वळले. मनात वाक्य तयार होतं, चांगलं धारदार. ते खाली बघत खांद्यावरच्या रुमालाशी चाळा करत होते.

"वैनी," ते हळूच म्हणाले, "मला ती बोटं कधी कळलीच न्हाईत. चारचौघं बघायलेत म्हणून नुसती मान हलवायचो."

माझं वाक्य माझ्यापाशीच राहिलं. मला त्यांची दया आली, आणि स्वतःची लाज वाटली.

पुढच्या वेळी मठात अंधार झाला, धोतर फुगलं, बायका खिदळल्या. मी मागे वळून पाहिलं. दाराजवळ, भिंतीला टेकून, दीर बसले होते.