चारपैकी दोन प्लग

परतवाडा ते अमरावती मी वीस वर्षं शेअर जीप चालवली. बायकोच्या किडन्या गेल्यावर फेऱ्या निम्म्या केल्या. आठवड्यातून दोनदा सकाळी आठला तिचं अमरावतीत डायलिसिस असायचं. तिला मागच्या सीटवर आडवं करून मी सहाला निघायचो.

थंडी सुरू झाली तशी जीप सकाळी पांढरा धूर सोडायला लागली, उशिरा पेटायला लागली. ओळखीच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी चारही हीटर प्लग काढले आणि एकेक बॅटरीला लावून दाखवला. दोनांची टोकं लालबुंद झाली, दोन काळीच राहिली. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबली की तापते आणि त्या उष्णतेनंच डिझेल पेटतं. पण थंडीत गार लोखंड ती ऊब पिऊन टाकतं. म्हणून किल्ली फिरवल्यावर हे प्लग आधी काही सेकंद आतली जागा तापवतात, आणि समोरचा पिवळा दिवा विझला की मग सेल्फ मारायचा. मिस्त्री म्हणाले, "दोनावर चालून राहिली भाऊ. थंडी वाढली का दगा देईन. बदलून घे."

नवे प्लग अमरावतीहून आणायचे होते. तिथं मी आठवड्यातून दोनदा जात होतो. तरी आणले नाहीत. गाडी चालत होती ना.

मग एका सकाळी कडाक्याची थंडी पडली. मी दिवा विझायची वाट पाहिली, सेल्फ मारला, पुन्हा मारला. इंजिन नुसतं फिरत राहिलं, शेवटी बॅटरीही बसली. शेजाऱ्यांनी ढकलून पाहिलं. शालीत गुंडाळलेली ती आतून म्हणाली, "तुमी काहून एवढे घाबरून राहिले? जाऊ ना बसनं."

बसमध्ये तिला आडवं होता आलं नाही. आम्ही पोचलो तोवर तिचं मशीन दुसऱ्या पेशंटला दिलं होतं. उद्या सकाळी या, म्हणाले.

येताना मी प्लग घेतले. दुपारीच मिस्त्रींनी चारही बसवले, बॅटरीही चार्ज करून दिली. दुसऱ्या दिवशी गाडी एका सेल्फात पेटली, धूर नाही की धक्का नाही. आसेगावपाशी तिला धाप लागली. मी वेग वाढवला. इतकी सुरेख ती जीप कधीच चालली नव्हती. वलगावच्या अलीकडे मागून येणारा श्वासाचा आवाज थांबला.

डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच थकलेलं होतं, एक डायलिसिस चुकलं म्हणून असं झालं असं सांगता येत नाही. ते खरं असेल. नंतर मी दोनदा तेच विचारायला गेलो. दुसऱ्या वेळी त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. उत्तर तेच होतं.