वाचायचं बोट

नांदुऱ्याच्या बसस्टँडवर एक मुलगी मला रोज दिसते. तिला दिसत नाही. तरी घरचे कापूस वेचायला नेतातच. वाचायच्या बोटाला चिंधी बांधलेली असते. मांडीवर ब्रेलचा कागद घेतला की तेवढी सोडते.

परवा तिच्या शेजारी बसलेली मावशी हसली, "एका बोटाचे किती लाड व बाई!"

"बोंडाचं टोक टोचलं तं परीक्षेत ठिपके कोन वाचणार मावशी, तू?"

तेवढ्यात बस आली. आंधळं माणूस दिसलं की आपले लोक न विचारता ओढतात, याचा मला संताप आहे. एका काकांनी नेमका तोच हात धरला. मी तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, "काका, धराचंच तं दंड धरा. बोट सोमवारी परीक्षेले लागते."

काकांनी हात सोडून दंड धरला. ओढाताणीत खाली पडलेली चिंधी मावशीनं उचलली, झटकली आणि तिच्या बोटाला बांधून दिली.