आधी मेन, मग मोटार

राउटर मी मारला की आबांनी, यावर माझं अजून स्वतःशी एकमत झालेलं नाही. बटण त्यांनी बंद केलं. पण भरदुपारी, थ्री फेज यायच्या वेळेला, त्यात नवं सॉफ्टवेअर भरायला मीच बसले होते. इतकी वर्षं लोकांचे राउटर दुरुस्त करून मला एवढी अक्कल नसावी, हे कुणाला सांगण्यासारखं नाही.

काष्टीत माझं मोबाईल आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आमची वस्ती गावापासून तीनेक किलोमीटरवर, ओढ्याकडेच्या खोलगट भागात. आई गेल्यापासून माझे वडील, म्हणजे आबा, तिथे एकटेच राहायचे. मोबाईलची रेंज फक्त विहिरीशेजारच्या मातीच्या ढिगावर यायची, तीही एका पायावर उभं राहिल्यासारखी. म्हणून मी दुकानाच्या गच्चीवर एक राउटर बसवला, वस्तीवर तसाच दुसरा बसवला, दोन्हीकडे अँटेना लावल्या आणि हवेतून इंटरनेट नेलं. त्यावर वस्तीच्या ओट्यावरचा कॅमेरा चालायचा. दुकानात गिऱ्हाइकाच्या मोबाईलची काच बदलताना माझा एक डोळा त्या कॅमेऱ्यावर असायचा. गिऱ्हाइकांना वाटायचं, मी मालिका बघतेय.

कॅमेरा हौसेचा नव्हता. आबांचं विसरणं वाढत चाललं होतं. आधी चष्मा, मग जेवण, मग वार. माझा थोरला भाऊ पुण्याला असतो. त्याचं म्हणणं सरळ होतं की आबांना त्याच्याकडे न्यायचं. आबांचंही म्हणणं सरळ होतं, वस्ती सोडायची नाही. चौथ्या मजल्यावर त्यांना श्वास पुरत नाही. दोन वर्षांपूर्वी मी मधे पडले आणि दादाला शब्द दिला की मी रोज जाईन, भाकरी पोचवीन आणि बाकी दिवसभर कॅमेऱ्यातून लक्ष ठेवीन. दादानं मानलं, पण एका अटीवर. ज्या दिवशी आबा कुणाच्या नजरेखाली नसतील, त्या आठवड्यात तो गाडी घेऊन येणार आणि मग कुणाचं ऐकणार नाही. कॅमेरा त्याच्याही मोबाईलवर दिसायचा, त्यामुळे लपवायला जागा नव्हती.

काही दिवस कॅमेरा रोज दुपारी अडकायला लागला. नव्या सॉफ्टवेअरनं ते सुधारेल असं मी वाचलं होतं. मंगळवारी डबा घेऊन गेले, लॅपटॉप जोडला आणि आबांना सांगितलं की पाच मिनिटं कशाला हात लावू नका. त्यांनी मान हलवली. मी पाणी प्यायला आत गेले.

आमच्या भागात घराघरात एक शिस्त असते. शेताची थ्री फेज लाईट आली आणि विहिरीवरची मोटार सुरू करायची वेळ झाली की आधी घरातलं मेन बटण बंद करायचं. मोटार सुरू होताना व्होल्टेज असं हेलकावे खातं की बल्ब, टीव्ही, काय असेल ते जातं. आमचा पहिला टीव्ही असाच गेला. त्यानंतर आईनं आम्हा दोघांकडून पाढ्यासारखं घोकून घेतलं होतं, आधी मेन, मग मोटार. मंगळवारी शेजारच्या वस्तीवरची मोटार घरघरली, आबा उठले आणि त्यांनी मेन बंद केलं. पन्नास वर्षांची सवय होती, ती माझ्या पाच मिनिटांसाठी थांबणार नव्हती.

तेवढ्यावर मी नुसती चिडले असते. पण मी बाहेर आले तेव्हा आबा विहिरीवर, मोटारीच्या रिकाम्या खोक्यापुढे उभे होते. आमची मोटार दीड वर्षापूर्वीच काढली होती. शेत शेजाऱ्याला वाट्यानं दिलंय, तो स्वतःच्या बोअरचं पाणी देतो. मोटार गोठ्यात पोत्याखाली पडून आहे आणि ती उचलून तिथे ठेवताना आबांनीच एक बाजू धरली होती. मी त्यांना हाक मारली. ते वळून घरात आले.

सॉफ्टवेअर अर्धवट भरलेलं असताना लाईट गेल्यानं राउटर मेला होता. म्हणजे त्याचा एक दिवा लागायचा, विझायचा, पुन्हा लागायचा. ढिगावर चढून मी दादाला फोन केला आणि तुटक रेंजमुळे ओट्यापर्यंत ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं की वस्तीवरची तार तुटलीय, लाईट नाही. दादा म्हणाला, ठीक आहे, रविवारी येतोच. ते कोणत्या अर्थानं, हे मला विचारायची गरज नव्हती.

नवा राउटर घ्यावा तर गच्चीवरच्या जुन्याशी त्याचं जमेना, नवऱ्याकडून एक मागवून बघितला. तसला जुना आता मिळत नाही. दोन्ही बदलायचे तर माल नगरहून यायला चार-पाच दिवस. मेलेला दुकानात नेऊन बघितला असता, पण आता आबांना एकटं सोडायचा धीर होत नव्हता. दोन दिवस दुकान बंद ठेवून मी वस्तीवरच राहिले. घरी नवरा आणि मुलगी काय खातात ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. गुरुवारी नवऱ्यानं दुकानातली हत्यारं आणून दिली आणि मी ओट्यावर राउटर उघडून बसले.

असा मेलेला राउटर बहुतेक वेळा पूर्ण मेलेला नसतो. त्याच्या आतल्या सर्किटच्या पाटीवर चार बारीक भोकं असतात, कारखान्यात तपासणीसाठी ठेवलेली. तीन भोकांना तारा डाखल्या, एका छोट्या जोडणीतून त्या लॅपटॉपला लावल्या, की राउटर आतून काय बोलतोय ते पडद्यावर अक्षरांत दिसतं. त्याची बोलायची तार आपल्या ऐकायच्या तारेला लावायची आणि आपली त्याच्या. चौथ्या भोकाला हात लावायचा नाही, तिथे करंट असतो. हे सगळं मी कितीदा केलंय. त्या दिवशी डाख दोनदा चुकला, कारण दोन रात्री मी आबांच्या दाराशी अंथरूण टाकून अर्धवट झोपत होते.

पहिल्यांदा पडद्यावर नुसता कचरा आला, लॅपटॉपचा वाचायचा वेग चुकला होता. तो बदलल्यावर नीट ओळी उमटल्या. राउटर जागा होत होता, आतलं सॉफ्टवेअर तपासत होता, ते अर्धवट सापडत होतं, आणि तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होता. त्याला अडवायला जागं झाल्यावर फक्त एक सेकंद मिळतो. तेवढ्यात लॅपटॉपची की दाबली तर तो थांबतो आणि विचारतो, काय करू.

अडचण अशी, की राउटरचं बटण आत भिंतीवर आणि माझ्या तारा आखूड. एक हात कीबोर्डवर आणि दुसरा भिंतीपर्यंत, असं होईना. आबांना बोलवावं लागलं. मी हं म्हटलं की हे बटण दाबायचं, एवढंच काम. ते भिंतीशी उभे राहिले. मी हं म्हटलं. ते माझ्याकडे बघत राहिले. पुन्हा सांगितलं. या वेळी त्यांनी आधीच दाबलं. मग विचारलं, कोणतं दाबायचं. पाचव्या वेळेला मी ओरडले. काय ओरडले ते लिहीत नाही. त्यांनी हात खाली घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. चूक केलेलं पोर उभं राहतं तसे ते उभे होते. मला माझीच किळस आली, आणि तरी चीड गेली नाही. थकलेल्या माणसाचं प्रेम फार काटकसरी होतं, हे मला त्या दोन वर्षांत कळलं.

मी उठून त्यांना पाणी दिलं. म्हटलं, आपण एक-दोन-तीन म्हणू, तीनला तुम्ही दाबा. ते मोठ्यानं म्हणायला लागले. आकडे त्यांना येत होते. दुसऱ्या खेपेला तीनला बटण दाबलं गेलं, माझी की लागली आणि पडद्यावरची धावाधाव थांबली.

नेटवर्कची वायर जोडून मी मूळ सॉफ्टवेअर आत सोडलं. आता ते कायमचं लिहून व्हायला तीन-चार मिनिटं, आणि त्या वेळात लाईट गेली तर पुढे काही करता येण्यासारखं उरत नाही. पडद्यावर एकामागून एक टिंबं पडायला लागली. आणि शेजारची मोटार घरघरली.

आबांचा हात वर गेला. मी लॅपटॉप खाली ठेवला, आत धावले आणि तो हात धरला. जोर केला नाही, नुसता धरला. हात मेनच्या बटणाकडे ओढत होता, मी तो दोन्ही हातांत घेऊन उभी राहिले. तळवा कोरडा, खरखरीत. मी त्यांचा हात शेवटचा कधी धरला होता, ते मला आठवेना. गोळ्या हातावर ठेवायचे, ताट हातात द्यायचे, पण धरला नव्हता. हळूहळू त्यांची ओढ कमी झाली. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. ते माझ्याकडे निरखून बघत होते, माझ्या डोळ्यांखाली काय आहे ते वाचत असल्यासारखे. टिंबं संपली.

राउटर सुरू झाला. त्याचे चारही दिवे लागले, गच्चीवरच्या जोडीदाराशी त्याची गाठ पडली, कॅमेऱ्याचा दिवा हिरवा झाला. मला आनंद व्हायला हवा होता. मी ओट्यावर बसून घेतलं, इतकंच. मिनिटभरात इंटरनेटवरून माझा मोबाईल वाजला. कॅमेरा दिसायला लागलेला बघून दादानं लगेच केलेला फोन. त्यानं विचारलं, तार जोडली का गं. मी हो म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आबांनी हात पुढे केला.

"दे हिकडं."

मी दिला.

"लाईट गेली नव्हती," ते दादाला म्हणाले. "म्या बंद केली. मोटार चालू कराया गेल्तो." त्यांनी विहिरीकडे बघितलं. "मोटार न्हाई आता, ते ठावं हाय मला. तिथं गेल्यावर आठवलं."

दादा काय बोलला ते मला ऐकू आलं नाही.

"ऐतवारी ये तू," आबा म्हणाले. "मी येतो तुझ्याबर."

मोबाईल माझ्या हातात परत देताना ते म्हणाले, "तुझं लई झालं, बाई."

मी नाही म्हणायला हवं होतं. आबा, असं काही नाही, मला त्रास नाही, राहा इथंच. पण मला पहिल्यांदा जे वाटलं ते सुटल्यासारखं होतं. खांद्यावरचं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसं. लाज नंतर आली, आणि ती पुष्कळ दिवस राहिली. त्या वेळी मी दादाला एवढंच म्हटलं की रविवारी बोलू. मनाची समजूत घातली की संध्याकाळपर्यंत आबा हे विसरतील, आणि मग कुणालाच काही ठरवायला लागणार नाही.

शुक्रवारी आणि शनिवारी मी दुकान उघडलं. कॅमेऱ्यात ते ओट्यावर बसलेले, शेळीला पाला टाकताना, दुपारी आडवे झालेले दिसत होते. डबा द्यायला गेले तेव्हा त्यांनी विषय काढला नाही आणि मीही काढला नाही. मला वाटलं, विसरले. बरं वाटलं आणि वाईटही.

रविवारी सकाळी लवकर गेले. दादा यायला अजून तास-दोन तास होते. आबांनी दाढी केली होती, गालावर एका ठिकाणी कापलं होतं. धुतलेलं धोतर, टोपी, शेजारी भरलेली पिशवी. पिशवीच्या तोंडाशी त्यांच्या गोळ्यांची पाकिटं रबर लावून ठेवलेली, जी मी रोज शोधून त्यांच्या हातावर ठेवायचे. मी पायरीवर बसले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, कुठं निघालात आबा. त्यांनी काहीतरी भलतंच सांगावं, असं मला इतकं मनापासून आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

"पुन्याला," ते म्हणाले. "तुझ्यासमोरच सांगितलं हुतं ना परवा."