खालचे दोन नट

पंपघरात त्याला सगळे ‘धडधडे’ म्हणत. ते आडनाव नव्हतं, छातीचं वर्णन होतं. तीस वर्षं पाइप जोडणाऱ्या या फिटरला पाइपात पाणी शिरल्याचा आवाज आला की घाम फुटायचा. रबरी जोडाची तर त्याने धास्तीच घेतली होती. पंपाची थरथर पुढे जाऊ नये म्हणून दोन पाइपांच्या मध्ये तो फुगीर, जाड रबराचा तुकडा बसवतात. आत दाब आला की रबर लांबायला बघतं. त्याला आवरून धरतात चार लोखंडी टाय रॉड, आणि रॉडना धरतात टोकांचे नट. त्या एवढ्याशा नटांवर सगळी भिस्त. ऐन उमेदीत त्याने एक जोड फाटताना पाहिला होता. उकळतं पाणी अंगावर आलेल्या माणसाची किंकाळी अजून त्याच्या कानातून गेली नव्हती.

तिथली एक रीत होती. ज्याने जोड बसवला, त्याने पंप पहिल्यांदा सुरू होताना जोडाशेजारी उभं राहायचं. पाय लटपटत असले तरी धडधडे उभा राहायचा. त्या दिवशी मात्र पंपाला उशीर होणार होता आणि त्याची पाळी संपली होती. पंप चालवणारी त्याची मुलगीच म्हणाली, “बाबा, तुम्ही जा. तुमच्या जागी मी उभी राहते.”

घरी शर्ट काढताना खिशात काहीतरी खुळखुळलं. दोन वायसर, नटाखाली बसवायच्या लोखंडी चकत्या.

तो जागीच थिजला. जोड अडचणीत शिरेना, म्हणून सकाळी त्याने खालचे दोन रॉड काढले होते आणि वायसर खिशात टाकले होते. रॉड परत घातल्याचं आठवत होतं. नट बोटांनी फिरवले, तेही. मग सुपरवायझरने हाक मारली. आणि पुढे? पाना लावून आवळले का? पुढे नुसता अंधार.

“असे पुतळ्यासारखे काय उभे राहिलात?” बायकोने विचारलं.

“हे वायसर...”

“तुमच्या खिशात कधी नसतात? रोज धुण्यात निघतात. मागे असेच धावत गेलात, अर्धा दिवस कारखाना बंद पाडलात आणि निघालं काय? कप्पाळ! पोरीला खाली मान घालावी लागली.”

तेही खरंच होतं. त्याने फाटकावर फोन लावला. घंटा वाजत राहिली. आत कुणाला मोबाइल नेऊ देत नसत. चारला पंप सुरू व्हायचा होता, वीस मिनिटं उरली होती.

“ती शेजारी उभी राहणार आहे,” तो कसाबसा म्हणाला.

बायकोचा चेहरा उतरला. “मग जा की! शर्ट काय शोधताय, बनियनवरच जा!”

सायकलवर त्याला एकच गोष्ट दिसत होती. वरचे दोन रॉड धरून ठेवतील, खालून जोड जबड्यासारखा उघडेल. आणि मुलगी उंचीने बेताची, फवारा थेट तिच्या तोंडावर येईल.

पंपघर गाठलं तेव्हा सुपरवायझर बटणाशी होता. “या, धडधडे! आज बनियनवर?”

तो सरळ जोडाकडे धावला. मुलगी पाइपाखालून सरपटत बाहेर येत होती, हातात पाना. तिने त्याला बाजूला घेतलं.

“खालचे दोन्ही नट बोटाने फिरत होते, बाबा,” ती कुजबुजली. “वायसरही नव्हते. मी बसवले, आवळले. कुणाला कळलेलं नाही. तुम्ही घरी जा.”

ती वाचली होती. पण मग दुसरी भीती आली, पहिलीपेक्षा थंड. नट आवळायची सकाळची दोन मिनिटं त्याच्या आठवणीत नव्हतीच. कालची, परवाची आणखी कुठली मिनिटं अशीच गळाली असतील?

“साहेब,” तो म्हणाला. मुलीने दंड दाबला, तरी तो थांबला नाही. “खालचे नट मी आवळलेच नव्हते. मला आठवतही नाही. हिने पाहिलं म्हणून निभावलं. या महिन्यात बसवलेले सगळे जोड उघडून बघा. आणि उद्यापासून माझं काम दुसऱ्याने तपासल्याशिवाय पाणी सोडू नका.”

सुपरवायझरच्या ओठांवर आलेला विनोद तिथेच विरला. त्याने चारही रॉडचे नट स्वतः पाना लावून पाहिले.

मग धडधडे जोडाशेजारी जाऊन उभा राहिला. मुलीला त्याने दूर जायला सांगितलं. ती गेली नाही. बटण दाबलं गेलं, रबर तटतटलं, रॉड ताणले गेले. त्याने मुलीचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की ती म्हणाली, “बाबा, दुखतंय.”

तरी त्याला सोडवेना.